'पुनर्वापर' म्हणजे नक्की कोणता वापर?

प्रश्न
प्रोग्रामिंगवरच्या एका मराठी लेखमालेचं मुद्रितशोधन करतोय. लेखिकेने 'कोड रियूज'ला, म्हणजे आधी लिहिलेला कोड पुन्हा वापरण्याला, सगळीकडे 'पुनर्वापर' लिहिलं आहे. मला तो शब्द वाचला की सांडपाणी आठवतं. आयटीतल्या मित्रांना विचारलं तर म्हणाले, आम्ही 'लायब्ररी (तयार कोडचा संच) टाकतो', 'जुन्या प्रोजेक्टातलं उचलतो', नाहीतर सरळ 'कॉपी मारतो'. पुनर्वापर कुणी करत नाही. शब्द ठेवू की बदलू? 'पुनरुपयोग' चालेल?

प्रतिसाद
'पुनरुपयोग' नको, हिंदी वळणाचा वाटतो. 'पुनर्' संस्कृत आणि 'वापर' मराठी ही मिसळ काहींना खटकते, पण शब्द रुळलाय. फक्त रफार सांभाळा. 'पुर्नवापर' सर्रास छापलं जातं, 'पुर्नवसन'सारखंच. रफार 'वा'वर हवा.

प्रतिसाद
पोटापाण्यासाठी कोड लिहितो, म्हणून थोडं लांबण लावतो. शब्द चुकीचा नाही, पण दोन निरनिराळी कामं त्याच्या पोटात आहेत. एक म्हणजे दुसरीकडचा कोड आपल्या फाइलीत आणून चिकटवणं. दुसरं म्हणजे मूळ कोड जिथे आहे तिथेच ठेवून त्याच्याशी जोडून घेणं, ज्याला आम्ही डिपेंडन्सी म्हणतो. तुमचे मित्र पहिल्याला 'उचलणं' म्हणाले आणि दुसऱ्याला 'लायब्ररी टाकणं'. बोलताना आपोआप फरक होतो, लिहिताना 'पुनर्वापर' आला की तो पुसला जातो.

फरक किती मोठा आहे ते मूळ कोडचं काही बरंवाईट झालं की कळतं. मार्च 2016 मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचं एक इवलंसं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या सामायिक भांडारातून, काढून टाकलं. जेमतेम 11 ओळींचा कोड. काम काय, तर अक्षरमालेच्या डाव्या बाजूला जागा भरून ती ठरावीक लांबीची करणं. बेबेलसारखी मोठी साधनं त्यावर टेकलेली होती, त्यामुळे जगभर बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्राम बांधण्याची कामं) कोसळले, आणि एनपीएमला ते पॅकेज पुन्हा जागेवर आणावं लागलं. त्याच 11 ओळी ज्यांनी आपल्या फाइलीत चिकटवल्या होत्या, त्यांना पत्ताही लागला नाही.

डिसेंबर 2021 मध्ये उलटं झालं. जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या लॉगफोरजे या लायब्ररीत भयंकर सुरक्षाछिद्र सापडलं. ज्यांनी ती रीतसर जोडून घेतली होती त्यांना आवृत्तीचा आकडा बदलून सुटता आलं. ज्यांच्याकडे ती दुसऱ्याच कशाच्या तरी पोटात बांधून आली होती, त्यांना आधी ती आहे कुठे हे हुडकावं लागलं. मग 'पुनर्वापर करावा की नाही' या वाक्याला काय अर्थ राहतो? कोणता, ते आधी सांगा.

गंमत म्हणजे 'लायब्ररी' हा शब्दही सुरुवातीला पहिल्या प्रकारचाच होता. केंब्रिजचं एडसॅक यंत्र 1949 मध्ये सुरू झालं. तिथे नेहमी लागणारी सबरूटीन्स, म्हणजे प्रोग्रामचे तयार तुकडे, छिद्रं पाडलेल्या कागदी फितींवर जपून ठेवत. हवी ती फीत काढायची, यंत्राने तिची नक्कल आपल्या प्रोग्रामच्या फितीवर उतरवायची आणि मूळ फीत परत जागेवर. म्हणजे चोप्य-पस्तेच!

प्रतिसाद
'चोप्य-पस्ते' वाचून बरं वाटलं. रोमन कळांवरून मराठीत 'कॉपी-पेस्ट' टंकताना झालेला घोटाळा, आणि शब्द होऊन बसला. पण 'कॉपी'बद्दल एक सांगते. मराठीत 'कॉपी'ला परीक्षेचा वास आहे. आपल्याकडे कॉपीमुक्त अभियानं चालतात. त्यामुळे 'कॉपी मारली' म्हटलं की काम कितीही रास्त असो, चोरी वाटते. 'उसना कोड' म्हणून पाहा की!

प्रतिसाद
उसनं परत करावं लागतं. शेजारच्यांकडून वाटीभर साखर आणली तर वाटीभर साखर द्यायची. कोड परत कसा करणार?

प्रतिसाद
परत नसेल, पण देणं लागतो. खुल्या कोडला वापराच्या अटी सांगणारे परवाने असतात. एमआयटी परवाना असेल तर मूळ हक्कसूचना काढता येत नाही. जीपीएल या परवान्याचा कोड बदलून वाटलात, तर तुमचा बदललेला कोडही त्याच अटींवर खुला करावा लागतो. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरून उचललेल्या तुकड्यालाही क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असतो आणि त्यात श्रेय देणं येतं. किती जण देतात, ते आपापल्या मनाला विचारा. तरीही 'उसना' मला चालेल, पण फक्त उचललेल्या कोडसाठी. जोडलेल्याला नाही.

प्रतिसाद
तिसरी तऱ्हा राहिली. आपलाच जुना कोड नव्या यंत्रात जसाच्या तसा बसवणं. 4 जून 1996 ला एरियान 5 हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे 40 सेकंदांत गेलं. दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेतला कोड एरियान 4 वरून आणलेला होता. आडव्या वेगाशी निगडित एक 64 बिटांचा आकडा तो 16 बिटांत बसवायचा. जुन्या रॉकेटच्या मार्गावर तो आकडा कधी तेवढा मोठा होतच नसे, नव्या रॉकेटवर झाला. राखीव संचातही तोच कोड, म्हणून तोही त्याच कारणाने बंद पडला. वर कडी अशी, की ज्या गणितात ही चूक झाली त्याचा एरियान 5 ला उड्डाण झाल्यावर काही उपयोगच नव्हता. इथे 'पुनर्वापर' हाच शब्द हवा. ना उचलेगिरी, ना उसनवारी. वापरलेलंच पुन्हा वापरलं.

मूळ प्रश्नकर्ता
लेखिकेशी बोललो. शीर्षकात 'पुनर्वापर' राहील. आत जिथे चिकटवणं आहे तिथे 'उचललेला कोड', जोडणं आहे तिथे 'डिपेंडन्सी'. 'अवलंबन' तिने लिहून पाहिलं, पण वाचताना व्यसनमुक्तीचा लेख वाटायला लागला. आता 'फोर्क' अडलाय, म्हणजे एका प्रकल्पाचा कोड घेऊन वेगळा प्रकल्प सुरू करणं. 2010 मध्ये ओपनऑफिसमधून लिबरऑफिस वेगळं निघालं, त्या वाक्यात. 'फाटा' म्हणू का?

प्रतिसाद
म्हणा, पण क्रियापद जपून. 'त्यांनी ओपनऑफिसला फाटा दिला' लिहिलंत तर अर्थ 'वगळलं' असा होईल, आणि 'फाटे फोडले' लिहिलंत तर भांडण वाटेल. 'फाटा फुटला' ठीक आहे.

प्रतिसाद
भांडण तर होतंच की.