मदत हवी आहे : लिलावातली पोलीस जीप आधी कुठे होती?

नमस्कार मंडळी. माझ्याकडे महिंद्रा एमएम ५४० आहे, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिनवाली. तीन हात फिरून माझ्याकडे आली, पण मूळची पोलीस खात्याची, लिलावात निघालेली. रंग खरवडताना बॉनेटवर जुन्या अक्षरांच्या खुणा दिसल्या, मागच्या बाजूला वायरलेसच्या अँटेनाचा ब्रॅकेट अजून घट्ट बसलेला आहे. तो मी काढणार नाही.

आरसी बुकात पहिला मालक म्हणून फक्त ‘पोलीस अधीक्षक’ एवढंच आहे. ती कोणत्या ठाण्याला होती, गस्तीला की साहेबांच्या दिमतीला, हे मला मनापासून जाणून घ्यायचंय. सरकारी गाडीचं लॉगबुक असतं. ड्रायव्हर त्यात प्रत्येक फेरीचे किलोमीटर, डिझेल लिहून सही घेतो. लिलावानंतर ते कुठे जातं? चासी नंबर देऊन माहिती अधिकारात अर्ज करणार आहे. दहा रुपये आणि तीस दिवस, तेवढं थांबेन. पण अर्ज अधीक्षक कार्यालयाला करू की पोलिसांच्या मोटार परिवहन विभागाला (एमटी)? नेमके कोणते कागद मागू?

एमटीत नोकरी केलेलं कुणी असेल, किंवा कुणाचे वडील-काका तिथे ड्रायव्हर असतील, तर कृपया सांगा.