सिंगापूर: साडेपाच वर्षांची लेक, दोनला टेकलेलं पिल्लू आणि साबा (सासूबाई). ग्रुप टूर की आपलं आपण?

पिल्लूचीआई

दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरला जायचं घाटतंय, ६ रात्री, मुंबईहून. आम्ही दोघं, लेक साडेपाचची, धाकटा तेव्हा २३ महिन्यांचा असेल आणि साबा (वय ६८, गुडघे कुरकुरतात पण उत्साह माझ्या दुप्पट). धाकट्याचा दुसरा वाढदिवस नेमका चौथ्या दिवशी येतोय, तो तिकडच्या झूमध्ये करावा असं फार मनात आहे.

घरात दोन पार्ट्या पडल्यात. नवरा म्हणतो ग्रुप टूर घेऊ, मराठी टूर मॅनेजर असतो, वरणभात मिळतो, डोक्याला ताप नाही. मला नकोय, कारण गेल्या वर्षी ग्रुपबरोबर राजस्थानला गेलो तेव्हा रोज सकाळी सहाला पोरांना झोपेतून उचलून बसमध्ये कोंबत होतो आणि जैसलमेरला लेकीने वाळूत फतकल मारून असं भोकाड पसरलं की अख्खी बस खाली उतरून आमच्याकडे बघत होती. पण आपलं आपण जायचं तर दोन पोरं, स्ट्रोलर, साबा, सामान, हे परदेशात कसं जमवायचं ते कळत नाही. आम्ही दोघंही याआधी बाहेर गेलेलो नाही.

लेकीचा पासपोर्ट आहे, मार्चमध्ये संपतोय, म्हणजे तोपर्यंत चालेल. धाकट्याचा काढायचाय. तिकिटाचं म्हणाल तर तो दोनच्या आत आहे त्यामुळे मांडीवर, तेवढेच पैसे वाचतील. आणि साबांना फराळ न्यायचाय, चकल्या, चिवडा, अनारसे वगैरे, विमानात चालतं ना? कोणी एवढ्या लहान पोरांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

कोथरूडी_काका

एवढ्या लहान मुलांना काहीही आठवत नाही. त्यापेक्षा दापोलीला न्या, समुद्र तोच, वाळू तीच, व्हिसा लागत नाही. लाखभर रुपये वाचतील ते मुलांच्या नावाने टाका.

चहाबाज

काका, मग जेवायला तरी कशाला घालायचं त्यांना, तेही आठवत नाही.

जुळ्यांची_आत्या

काकांकडे लक्ष देऊ नकोस. मी भावाच्या जुळ्यांबरोबर दोनदा गेलेय (एकदा सिंगापूर, एकदा बाली) त्यामुळे ज्या ठेचा खाल्ल्यात त्या सांगते.

आधी तिकीट, कारण तुझ्या पोस्टमध्ये मोठी गोची आहे. मांडीवरचं तिकीट २ वर्षं पूर्ण होईपर्यंतच. तुझा पठ्ठ्या चौथ्या दिवशी दोनचा होतोय म्हणजे येताना त्याला स्वतःची सीट लागणार, काही एअरलाईन जाताना पण घ्यायला लावतात. मांडीवरचं बुक करून गेलीस तर परतीला काउंटरवर पासपोर्टातली जन्मतारीख बघतात आणि ऐनवेळी मिळेल त्या भावाने तिकीट काढावं लागतं. आत्ताच त्याची तारीख नीट टाकून बघ, नाहीतर ट्रिप आठवडाभर अलीकडे घे आणि वाढदिवस घरी कर. खरं सांगू, मी तर जातानाही सीट घेईन. साडेपाच तासांचा प्रवास आहे आणि दोन वर्षांचं मूल म्हणजे मांडीवर सळसळणारी पोतडी. बॅसिनेटच्या (विमानात मिळणारा बाळाचा पाळणा) नादी लागू नकोस, त्यात ते मावणार नाही. आम्हाला फोनवर हो म्हणाले होते, विमानात चढल्यावर कळलं की पोरांचं वजन बसत नाही.

लेकीचा पासपोर्ट मार्चपर्यंत चालेल असं समजू नकोस. प्रवासाच्या तारखेपासून ६ महिने शिल्लक लागतो, नोव्हेंबरला गेलात तर बसत नाही. दोघांचे एकदमच टाका, लहान मुलांचा ५ वर्षांचाच मिळतो. आईबाबा दोघांच्या सह्यांचं अ‍ॅनेक्शर डी (संमतीपत्र) लागतं. आणि ४ वर्षांखालच्या मुलाचा फोटो आपण घेऊन जायचा असतो, पांढऱ्या बॅकग्राउंडवर, डोळे उघडे, तोंड मिटलेलं. हे वाचायला सोपं वाटतं. आमच्या जुळ्यांना पांढऱ्या चादरीवर झोपवून वहिनी वर खुर्चीवर उभी, दादा खुळखुळा वाजवतोय, एकाचं तोंड मिटलं की दुसरा उपडा व्हायचा, ७०-८० फोटोंतून एक निघाला आणि त्यातही कोपऱ्यात आईचा अंगठा आलेला. तुझा पळता आहे म्हणजे त्याला भिंतीला पाठ लावून उभं करणं ही वेगळीच मजा. आजच सुरुवात कर.

कान दुखतात ते जास्त करून उतरताना. लँडिंगच्या अर्धा तास आधी झोपला असला तरी उठव आणि बाटली किंवा सिपर तोंडाला लाव. बाळाचं दूध, पाणी, पेज १०० मिलीच्या वर असलं तरी सिक्युरिटीला सांगून नेता येतं. आणि कोणी सांगेल अमुक सिरप द्या, गुडूप झोपतो, तर अजिबात देऊ नकोस. डॉक्टरांना विचारून तापाचं औषध, ओआरएस आणि चिठ्ठी एवढं हँडबॅगेत असू दे.

ग्रुप टूरबद्दल मी तुझ्या पार्टीत.

सेरंगूनची_सुगरण

इथे सिंगापुरात ११ वर्षं राहते, दर दिवाळीला कोणी ना कोणी पाहुणे असतात, त्यामुळे न विचारता सल्ला द्यायची सवय झालीय.

ग्रुप टूर की आपलं आपण, याचं उत्तर घड्याळात आहे. सिंगापूर भारताच्या अडीच तास पुढे. तुमची पोरं घरी रात्री दहाला झोपत असतील तर इथे साडेबारा वाजलेले असतात, आणि सकाळी साडेसातला उठत असतील तर इथे दहा. टूरची बस सुटते आठला, म्हणजे त्यांच्या अंगात पहाटेचे साडेपाच. जैसलमेरच होणार ना परत. सहा दिवसांसाठी पोरांना इथल्या वेळेवर आणायचा अट्टाहास करूच नका, भारतातल्या वेळेवरच राहू द्या. मग संध्याकाळ, जी लहान मुलांबरोबर एरवी रडारडीची असते, तीच तुमची सगळ्यात चांगली वेळ होते. नाईट सफारी सव्वासातला सुरू होते, तुमच्या पोरांसाठी ती पावणेपाचची वेळ! ट्राम आहे, साबांना बसून बघता येईल. गार्डन्स बाय द बेचा सुपरट्रीचा (झाडांसारखे उंच मनोरे) लाइट शो पावणेआठ आणि पावणेनऊला, फुकट. माझ्या नणंदेची मुलं तिथे जमिनीवर आडवी पडून बघत होती आणि धाकटी दर वेळी दिवे विझले की "संपलं?" विचारायची, आणि परत लागले की टाळ्या.

दुपारी १२ ते ४ बाहेर पडूच नका. घाम असा येतो की मुंबईकर पण दमतात, आणि नोव्हेंबरात दुपारी धो धो सर येते. तेव्हा क्लाउड फॉरेस्ट (गार्डन्स बाय द बेमधलं थंड काचघर), मत्स्यालय, नाहीतर सरळ हॉटेलचा पूल. झू सहाला बंद होतं, ते शेवटच्या एक-दोन दिवसांत ठेवा, तोवर पोरं आपोआप थोडी लवकर उठायला लागतात. गार्डन्स बाय द बेमध्येच लहान मुलांची वेगळी बाग आहे, पाण्यात खेळायला, फुकट, सोमवारी बंद. कपड्यांचा एक जोड जास्तीचा ठेवा. एवढा प्रवास करून पोरं तिथेच तीन तास रमतील आणि तुम्हाला वाटेल पैसे फुकट गेले, तर तसं वाटून घेऊ नका. दिवसाला एक जागा बास. यादीतलं अर्धं आत्ताच खोडा.

फिरायला स्ट्रोलर न्याच, मुलगी साडेपाचची असली तरी दुसऱ्या दिवशी तीच त्यात बसेल. एमआरटीला (इथली मेट्रो) सगळीकडे लिफ्ट आहेत, बसमध्ये स्ट्रोलर न मिटता चढवता येतो. ०.९ मीटरच्या आतलं मूल मोठ्यांबरोबर फुकट. बाकीच्यांना प्रत्येकी वेगळं कार्ड टॅप करायचं, एकाच कार्डावर सगळे जात नाहीत. आत खाणंपिणं नाही, पाणीसुद्धा, ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड आहे आणि आपल्याला पोराच्या हातात बिस्किट द्यायची सवय असते.

एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत चाइल्ड सीट लागते. साध्या टॅक्सीला यातून सूट आहे, अ‍ॅपवरून बोलावलेल्या खाजगी गाडीला नाही, ड्रायव्हर दोन पोरं बघून निघून जातो. म्हणून टॅक्सीच बोलवा किंवा मुलांच्या सीटवाली गाडी बुक करा.

रात्रीच्या विमानाने आलात तर सकाळी उतरता आणि रूम मिळते दुपारी तीनला. साबा आणि दोन झोपाळू पोरं लॉबीत सोफ्यावर, हे दृश्य मी खूप बघितलंय. जमलं तर आदल्या रात्रीचे पैसे भरा किंवा दिवसाचं विमान घ्या. विमानतळाला लागूनच ज्युएल मॉलमध्ये ४० मीटरचा धबधबा आहे, तो परत जाताना बघा, उतरल्या उतरल्या नाही.

राहायला लिटल इंडिया घ्या. दिवाळीत सेरंगून रोडवर रोषणाई असते, कोमला विलास हे हॉटेल १९४७ पासून आहे, इडली-डोसा हाकेवर, आणि मुस्तफा या दुकानात डायपरपासून तुपापर्यंत सगळं मिळतं. वरणभातासाठी टूर मॅनेजर नको. मेतकूट तेवढं घरून आणा, ते मला इथे कधी दिसलं नाही.

आणि आता फराळ. चकली, चिवडा खुशाल आणा. अनारसे नाही! त्यावर खसखस असते आणि खसखस इथे बंदी असलेल्या मालात धरतात, अफूच्या बोंडातलं बी ना ते. करंजीच्या सारणात घालत असाल तर करंजी पण नको. दुबईलाही हाच नियम आहे. च्युइंगगमही आणू नका.

नको_तिथे_नाक

अरायव्हल कार्ड राहिलं. पोचायच्या आधी ३ दिवसांत ऑनलाइन भरायचं, बाळाचंही, सरकारी साइटवर एक पैसा लागत नाही. मी सर्चमध्ये पहिली आलेली साइट उघडली आणि चौघांचे मिळून ७ हजार घालवून बसलो, वर ते कार्ड सरकारी साइटवर पुन्हा भरावं लागलंच. व्हिसा मात्र भारतातून अधिकृत एजंटमार्फतच करावा लागतो, तो वेगळा. दोन्हीत गोंधळ करू नका.

पिल्लूचीआई

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. सेरंगूनची_सुगरण, तुमची घड्याळाची गोष्ट नवऱ्याला वाचून दाखवली, तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला टूरवाल्याला नाही सांगतो. तिकीट आठवडाभर अलीकडे मिळतंय, म्हणजे दिवाळी इथे घरी आणि वाढदिवसही इथेच. रोषणाई आम्ही पोचेपर्यंत लागलेली असते का तेवढं सांगा. जुळ्यांची_आत्या, फोटोचे २३ प्रयत्न झाले, अजून एकही नाही, हा प्रत्येक फोटोत जीभ बाहेर काढतो.

साबांना खसखशीचं सांगितलं. म्हणाल्या, खसखस न लावता करते की. मग स्वतःच थोडा विचार करून म्हणाल्या, खसखशीशिवाय तो अनारसा कसला, शंकरपाळे करते. चार किलोचा बेत आहे. बॅगेचं वजन कसं बसवायचं ते आता वेगळ्या धाग्यात विचारते.