एल्डरबेरीचं सिरप लहान मुलांच्या सर्दीला खरंच चालतं का? कुठलं घ्यावं?

ऋजुता_हाम्बुर्ग
नमस्कार मंडळी. लेक साडेतीन वर्षांची. किटात (इथल्या पाळणाघरात) जायला लागल्यापासून हिवाळाभर नाक वाहतंच आहे. शेजारच्या आजी म्हणतात, होलुंडरचा (एल्डरबेरीचा) रस गरम करून पाज, फ्लू जवळ येणार नाही. दुकानात पाहिलं तर सिरप, कॅप्सूल, गमीज (चघळायच्या गोड गोळ्या), साधा रस, आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. कोणी वापरलंय का? शिवाय घरामागे ओढ्याकाठी ही झाडं रग्गड आहेत, ऑगस्टअखेर काळे घोस लटकतात. घरी करता येईल का?

जर्सीवाली_मावशी
आमच्याकडे गमीज मिळतात, पोरं आवडीने खातात. फायदा झाला का विचाराल तर छातीठोक सांगता येणार नाही. सर्दी काय, आठ दिवसांत जातेच. पण डबा पोरांच्या हाती लागू देऊ नका, चॉकलेट समजून फस्त करतात.

खलबत्ता
औषधांच्या दुकानात उभं राहून हा प्रश्न रोज ऐकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाटल्यांवरच्या जाहिरातींचा मोठा आधार म्हणजे २००४ साली प्रसिद्ध झालेला नॉर्वेतला अभ्यास. फ्लूची लक्षणं असलेल्या ६० जणांपैकी ज्यांना दिवसातून ४ वेळा १५ मिली सिरप दिलं, ते सरासरी ४ दिवस आधी बरे झाले. ऐकायला झकास, पण माणसं थोडी, आणि सगळी मोठी. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातून परदेशी विमानप्रवास करणाऱ्या ३१२ जणांवर कॅप्सूल वापरून पाहिल्या. सर्दी होणं काही ठळकपणे कमी झालं नाही. ज्यांना झाली त्यांची लवकर आटोपली, एवढंच. मग २०२० मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने फ्लूची खात्री झालेल्या ८७ रुग्णांवर प्रयोग केला. त्यात ५ वर्षांवरची मुलंही होती. एल्डरबेरी घेणारे आणि नुसतं गोड पाणी घेणारे यांच्यात फरक सापडला नाही.

म्हणजे माझ्या मते सर्दीत गरम पेय म्हणून द्यायला हरकत नाही, घशाला बरं वाटतं. फ्लू 'जवळ येणार नाही' हे मात्र विसरा. त्यासाठी लस आहे, ती ६ महिन्यांपुढच्या बाळांनाही देता येते. तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना विचारा. ताप उतरत नसेल, श्वास जोरात चालत असेल, मूल पाणी पीत नसेल, तर सिरप बाजूला ठेवून सरळ डॉक्टर गाठा.

बाटली घेताना मागची बाजू वाचा. बऱ्याच सिरपमध्ये साखरच जास्त असते. काहींत मध असतो, तो एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको. घरात कोणी अवयव प्रत्यारोपणानंतरची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नये.

पेठेतला_जोशी
अहो, 'व्हिटॅमिन सी'साठी एवढा खटाटोप? पुण्यात हीच बाटली ऑनलाइन हजाराच्या घरात जाते. आवळा काय वाईट?

खलबत्ता
@पेठेतला_जोशी, 'सी'पुरतं तुमचं बरोबर. एल्डरबेरीत १०० ग्रॅमला ३५ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे संत्र्याहूनही कमी, आणि शिजवल्यावर त्यातलंही घटतं. आवळा कितीतरी पुढे. हिच्यात भरपूर असतात ती अँथोसायनिन्स, जांभळाला रंग देणाऱ्या द्रव्यांच्याच कुळातली. पुण्यात राहून मुद्दाम मागवण्यासारखं मला तरी त्यात काही दिसत नाही.

श्टुटगार्टकर
ऋजुताताई, घरी जरूर करा, पण कच्ची फळं तोंडात टाकू नका, लेकीला तर मुळीच नाही. पानं, देठ, साल, हिरवी फळं यांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. १९८३ साली कॅलिफोर्नियात एका मेळाव्यात पानं-देठांसकट चेचलेला कच्चा रस लोक प्यायले आणि उलट्या-चक्करने आडवे झाले, आठ जणांना हेलिकॉप्टरने दवाखान्यात न्यावं लागलं. सगळे बरे झाले, पण धडा पुरेसा आहे.

कृती: पूर्ण काळे झालेलेच घोस कापायचे. काट्याने (जेवणाच्या) फळं खुडून देठ आणि हिरवे मणी काढून टाकायचे. हे काम कंटाळवाणं आहे, सासूबाई आल्या असतील तर गप्पा मारत होतं. फळं धुऊन, बुडतील एवढंच पाणी घालून उकळी आणायची, पुढे वीसेक मिनिटं मंद आचेवर ठेवायची. मलमलच्या फडक्यातून गाळून, साखर आणि लिंबू घालून परत उकळायचं आणि गरम असतानाच उकळलेल्या बाटल्यांत भरायचं. आम्ही आलं आणि दोन लवंगा टाकतो. जर्मन लोकांना नवल वाटतं, पण मागून पितात.

ऋजुता_हाम्बुर्ग
मस्त! पण झाड तेच आहे हे कसं ओळखू?

श्टुटगार्टकर
होलुंडरला खरं लाकडी खोड असतं, मोठं झुडूप किंवा लहान झाड. पिकले की घोस खाली झुकतात. त्याचा एक विषारी भाऊबंद आहे, त्याला इथे आट्टिख म्हणतात. तो हिरव्या दांड्याचा, माणसाच्या उंचीपर्यंतचा, दरवर्षी जमिनीतून नव्याने येतो आणि त्याचे घोस वर तोंड करून असतात. शंका आली तर तोडू नका, शेजारच्या आजींनाच बरोबर न्या.

जर्सीवाली_मावशी
आमच्याकडे पोकवीडशी गल्लत होते. त्याची दांडी गुलाबी आणि फळं द्राक्षाच्या घडासारखी लांबट लोंबतात. तेही विषारीच.

ऋजुता_हाम्बुर्ग
सगळ्यांचे आभार. सध्या दुकानातला साखर न घातलेला साधा रस आणते, गरम करून थोडाथोडा देईन. महागडी सिरपं रद्द. फ्लूच्या लशीसाठी सोमवारी डॉक्टरांकडे फोन लावते. ऑगस्टमध्ये आजींना घेऊन ओढ्यावर जाईन. श्टुटगार्टकर, रस किती दिवस टिकतो?

श्टुटगार्टकर
नीट भरलेली बंद बाटली थंड, अंधाऱ्या जागी पुढच्या मोसमापर्यंत. उघडली की फ्रीजमध्ये, आठवड्याभरात संपवा. आणि गाळताना जुने कपडे घाला, डाग जन्मात निघत नाहीत.