प्रतिसाद: मेहर आणि आहेर

मेहर म्हणजे मुस्लिम लग्नात नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम किंवा मालमत्ता. तिला कुणीतरी 'उलटा हुंडा' म्हटलंय. तसं नाही हो. हुंडा सासरी जातो; मेहर थेट मुलीचा, तिच्या बापाचाही त्यावर हक्क नाही. 1961च्या हुंडाबंदी कायद्यानंही मेहर हुंड्याच्या व्याख्येतून वगळलाय.

खरी गोम निकाहनाम्यात, म्हणजे लग्नाच्या लेखी करारात आहे. मुअज्जल मेहर मागताक्षणी द्यायचा, मुवज्जल उधार: तलाक झाला किंवा नवरा वारला की देय. काझीसाहेब रक्कम वाचतात तेव्हा निम्म्या मंडळींचं लक्ष बिर्याणीकडे! नवरा गेल्यावर थकलेला मेहर हे त्याच्यावरचं कर्ज, वारसांच्या वाटणीआधी फेडायचं.

आणि दागिने, भांडी, कपाट? 1986च्या मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरचे हक्क संरक्षण) कायद्याच्या कलम 3 नुसार तलाकनंतर तेही तिचंच, माहेरानं दिलेलं असो की नवऱ्यानं. तेव्हा आहेराची यादी करून दोन्हीकडच्या सह्या घ्या, पावत्या मुलीकडेच ठेवा.