अस्सल फिनलंड म्हणजे बाकीचा नकली?

एकाने विचारलंय की फिनलंड देशातच 'अस्सल फिनलंड' (वार्सिनाइस-सुओमी) हा वेगळा प्रांत कसा? गंमत उलटी आहे. 'सुओमी' (फिनिश भाषेत फिनलंडचं नाव) हे नाव आधी फक्त तुर्कू शहराभोवतालच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचं होतं. हॅमे, कार्याला हे प्रदेश वेगळे, तिथली माणसंही वेगळी समजली जात. स्वीडिश राजवटीत कारभार तुर्कूहून चाले, तेव्हा ते नाव हळूहळू सगळ्या पूर्वेकडच्या मुलखाला चिकटलं. मग मूळ मालकाला ओळखायला 'खरा', 'अस्सल' असं शेपूट लावावं लागलं. स्वीडिशमध्येही तेच, एगेन्टलिगा फिनलंड. नाव उसनं दिलं आणि स्वतःलाच विशेषण लावून घ्यायची पाळी आली!

'तुर्कू' शब्दही मूळचा स्लाव्हिक, अर्थ बाजारपेठ. स्वीडिश भाषक त्याच शहराला 'ओबू' म्हणतात. १८१२ मध्ये राजधानी हेलसिंकीला गेली, १८२७ च्या आगीत शहराचा बराच भाग जळाला, पण तोरा शाबूत आहे. बोलीही वेगळी: पुस्तकी 'मिनॅ' (मी) तिथे नुसतं 'मॅ' होतं, शब्दांच्या शेवटचे स्वर तर सर्रास गिळतात.

त्यामुळे 'अस्सल' हा शब्द गर्वाचा म्हणून वाचू नका. माझ्या मते तो नाइलाजाचा आहे. अर्थात तुर्कूकरांना हे सांगायच्या भानगडीत मी पडणार नाही.