मदत हवी आहे : पॉडकास्टच्या क्लिप लोक बघतात, पण पूर्ण भाग ऐकायला कोणी येत नाही

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. गेल्या दिवाळीपासून जुन्या बडोद्यातल्या मराठी माणसांच्या आठवणींचा पॉडकास्ट करतोय. एक मोबाइल आणि दोन कॉलर माईक एवढंच सामान. नऊ भाग झाले.

नववा भाग माझ्या आत्याआजीचा. वय ८६. तिचे वडील बडोदा संस्थानच्या ग्रंथालय खात्यात होते. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ते खातं उभं केलं आणि खेडोपाडी पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरायला लागल्या, हे आपण वाचलेलं असतं. आत्याआजीने ती पेटी घरात पाहिलीय! कडी निखळली म्हणून वडील दुरुस्तीला घरी घेऊन आले होते. झाकण उघडलं की कापूर आणि जुन्या कागदाचा वास यायचा आणि ती त्यात डोकं घालून बसायची. हे सांगताना तिने हाताने झाकण उचलून दाखवलं. मी फक्त आवाज रेकॉर्ड करत होतो, त्याची हळहळ अजून वाटते.

या पेटीची ३८ सेकंदांची क्लिप केली, तिचा जुना फोटो लावून. इन्स्टाग्रामवर अकरा हजारांवर लोकांनी पाहिली. पूर्ण ५२ मिनिटांचा भाग त्या आठवड्यात ऐकला ६४ जणांनी, आणि त्यातले निम्मे तर आमचेच नातेवाईक.

म्हणून दुसरी क्लिप जरा चटकदार घेतली. "शाळेत मला मराठीवाली म्हणून चिडवायचे," इथे कापली. खाली मराठी-गुजराती भांडण पेटलं. तिचं पुढचं वाक्य होतं, "त्यात सगळ्यात पुढे असायची तीच माझ्या पहिल्या बाळंतपणाला दहा दिवस येऊन राहिली." त्या मैत्रिणीच्या नातवाने क्लिप पाहून आत्याआजीला फोन केला, दुखावला होता. आत्याआजी मला फक्त एवढंच म्हणाली, "माझं बोलणं पुरं होऊ द्यायचं होतंस रे." क्लिप काढून टाकली. तीन दिवस काही सुचलं नाही.

क्लिपमध्ये नेमकं काय घ्यावं, ती किती लांब असावी, आणि ऐकणारा तिथून पूर्ण भागापर्यंत पोचेल कसा? कोणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

वाडीकर : दादा, आधी कापण्याबद्दल. एका मिनिटात बसवायची घाई आता नको. यूट्यूब शॉर्ट्सला १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटं चालतात, इन्स्टाग्राम रीललाही जानेवारी २०२५ मध्ये तेवढी मुभा मिळाली. बाळंतपणाचं वाक्य धरून क्लिप दीड मिनिटाची झाली तरी होऊ दे. खरं तर तोच किस्सा आहे, चिडवणं ही नुसती सुरुवात.

आता माणसं का येत नाहीत ते. तुमची पेटीची क्लिप तिथेच पुरी होते. वास आला, गोष्ट संपली, बोट पुढे सरकलं. किस्सा पुरा सांगा, पण त्यातून पुढचा प्रश्न उभा राहू द्या. पेटीत कुठली पुस्तकं होती, आत्याआजीने कुठलं वाचलं? ते भागात असेल तर शेवटी तुमच्याच आवाजात एक वाक्य घाला : "त्या पेटीतलं कुठलं पुस्तक तिने लपवून ठेवलं, ते पूर्ण भागात." असेल तरच हं, खोटं आमिष नको.

दुसरं म्हणजे वाट. शॉर्ट्सच्या वर्णनात आणि कमेंटमध्ये दिलेली लिंक ऑगस्ट २०२३ पासून दाबली तरी उघडत नाही. पूर्ण भाग एकच फोटो लावून यूट्यूबवर व्हिडिओ म्हणून टाका आणि यूट्यूब स्टुडिओत (चॅनल सांभाळायचं यूट्यूबचं ॲप) शॉर्टला 'संबंधित व्हिडिओ' म्हणून जोडा, मग शॉर्टवरच त्याची लिंक दिसते. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंकही उघडत नाही; ती बायोमध्ये, म्हणजे प्रोफाइलवरच्या ओळखीत द्या, आणि स्टोरीत लिंकचं स्टिकर लावा.

बोललेलं पडद्यावर अक्षरांत हवंच, बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. फक्त अगदी तळाशी लिहू नका, तिथे नाव आणि कॅप्शन येऊन सगळं झाकलं जातं.

रावपुरा_माहेर : मी सासरी पुण्यात. असले भाग मला घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच मिळतात आणि तिथून मी ते पूर्ण ऐकते, पोळ्या करता करता. क्लिपची फाइल आणि खाली लगेच भागाची लिंक, असं एकत्र पाठवत जा. अकरा हजार अनोळखी माणसांपेक्षा बडोदं सोडून गेलेल्या दोनशे घरांत पोचणं मला मोलाचं वाटतं. आणि पुढच्या वेळी मोबाइल उभा धरून हातांचं चित्रीकरण कराच!

मूळ लेखक : दोघांचे मनापासून आभार. भाग पुन्हा ऐकला. पुस्तक लपवल्याचं नाही, पण पेटी परत गेली त्या दिवशी ती जेवली नव्हती, असं ४१व्या मिनिटाला आहे. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चिडवण्याचा किस्साही पूर्ण घेऊन नव्याने कापलाय, एक मिनिट ५० सेकंद. संध्याकाळी आत्याआजीला ऐकवतो. ती हो म्हणाली की त्या मैत्रिणीच्या नातवाला आधी पाठवणार, मग बाकी सगळीकडे.