४४१०० आणि ४८०००: दोन फायली जुळता जुळेनात

आवाजवेडा:
आत्या लहानपणच्या गोष्टी सांगतेय, मी त्या साठवतोय. तिला आता फार वेळ बोलवत नाही, त्यामुळे हे पुन्हा रेकॉर्ड होणं कठीण आहे. तिच्या गळ्याशी लावलेला छोटा रेकॉर्डर ४४१०० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला आवाजाची ४४१०० मापं, म्हणजेच सॅम्पल, घेणारा), माझ्या लॅपटॉपचा माइक ४८००० चा. दोन्ही एकत्र करायला सी प्लस प्लसमध्ये प्रोग्राम लिहिलाय.

आधी फायली तशाच जोडल्या. तिची बाजू १० मिनिटांची आली आणि माझी १० मिनिटं ५३ सेकंदांची! माझा आवाजही जड, झोपेत बोलल्यासारखा. मग तिची फाइल १०२४ सॅम्पलच्या तुकड्यांनी, लिनिअर इंटरपोलेशन करून (शेजारच्या दोन सॅम्पलमधली किंमत सरळ रेषेने काढून) ४८००० वर नेली. आता पट्टी बरोबर आहे, पण तिच्या आवाजाखाली घरघर येते, आणि शेवटी शेवटी माझा प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर सुरू होतं. कुठे चुकतंय?

कानसेन:
आधी ते ५३ सेकंद बघू. ६५३ भागिले ६०० म्हणजे १.०८८. ४८००० भागिले ४४१०० केलं तरी १.०८८. म्हणजे ४८००० च्या आवाजावर हेडरमध्ये (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत) ४४१०० लिहिलं गेलं. सॅम्पल तीच, वाजतात सावकाश, म्हणून आवाज जवळपास दीड सेमीटोन उतरला. तो आकडा कोडमध्ये कायमचा लिहून ठेवू नका. डिव्हाइस उघडल्यावर त्यालाच विचारा, कारण मागितलेला रेट मिळतोच असं नाही.

बफर:
घरघर आणि पुढे पळणं, दोन्हींचं मूळ एकच. ४४१०० ला ४८००० हे गुणोत्तर १४७ ला १६०, म्हणजे १०२४ सॅम्पलची होतात १११४.५५८. तुम्ही १११४ लिहून उरलेलं टाकून देताय. सेकंदाला असे ४३ तुकडे, म्हणजे २४ सॅम्पल गायब. १० मिनिटांत ०.३ सेकंद. शिवाय दर सांध्याला लाटेत खाच पडते, तीच तुमची घरघर. अपूर्णांकातली जागा आणि तुकड्यातलं शेवटचं सॅम्पल पुढच्या तुकड्यासाठी जपून ठेवा.

खरं सांगू? लिबसॅम्पलरेट किंवा सॉक्सर यांपैकी रेट बदलणारी एक तयार लायब्ररी घ्या. लिनिअर इंटरपोलेशनमध्ये स, श बोथट होतात, आणि आत्यांचा आवाज तसा राहू नये. पूर्ण फाइलला एकच कन्व्हर्टर वापरा. दर तुकड्याला नवा केलात तर खाचा परत येतील. मूळ फायलींना हात लावू नका.

आवाजवेडा:
सॉक्सर लावलं, घरघर गेली! तिचा स पहिल्यांदाच नीट ऐकला. पण शेवटच्या मिनिटात आवाज किंचित दुहेरी येतो.

कानसेन:
ती दोन यंत्रांची घड्याळं. ४८००० लिहिलेलं असलं तरी घड्याळाला ठेका देणारा क्रिस्टल थोडा पुढेमागे असतोच. दहा लाखांत ५० चा फरक असला तरी १० मिनिटांत ३० मिलिसेकंद होतात. दोन्ही फायलींत सुरुवातीला आणि शेवटी एखादा तीक्ष्ण आवाज सापडतो का बघा. दोन खुणांमधलं अंतर मोजा आणि तेवढं गुणोत्तर बदला.

आवाजवेडा:
सापडला. सुरुवातीला तिने चष्म्याची डबी उघडली होती आणि शेवटी मिटली. पहिली खूण जुळवल्यावर शेवटच्या खुणेत १,१५० सॅम्पलचा फरक निघाला, म्हणजे दहा लाखांत साधारण ४०. गुणोत्तर बदलून पुन्हा चालवलं. आता डबी मिटल्याचा टक्क एकच ऐकू येतो.